डायोसिसचं कन्व्हेन्शन: बिशप निवडणारी, बजेट अडवणारी सभा

हडसनकाठी (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं, "चर्चमध्ये सगळं वरून ठरतं, खालच्यांनी फक्त आमेन म्हणायचं." तिथे अवांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी न्यूयॉर्कच्या एपिस्कोपल डायोसिसमधल्या (डायोसिस म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला धर्मप्रांत) एका छोट्या मंडळीची सभासद. माहेर कोल्हापूरचं, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतलं. इथल्या मंडळीच्या वार्षिक सभेत मला कन्व्हेन्शनची प्रतिनिधी म्हणून निवडलं. निवडलं म्हणजे काय, रेक्टरबाईंनी, म्हणजे मंडळीच्या मुख्य धर्मगुरूंनी, "कोण जाणार?" विचारल्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले आणि माझी मान तेवढी वर राहिली.

आधी थोडी हद्द सांगते. एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च. कँटरबरीच्या आर्चबिशपांचा मान राखायचा, पण हुकूम तिकडून येत नाही. न्यूयॉर्क डायोसिस १७८५ सालची. मॅनहॅटन, ब्रॉन्क्स, स्टेटन आयलंड आणि वर हडसनच्या दोन्ही काठांनी वेस्टचेस्टर, रॉकलंड, ऑरेंज, पुटनम, डचेस, अल्स्टर, सलिव्हन एवढ्या काउंट्या. ब्रुकलिन आणि क्वीन्स आमच्यात नाहीत, ते लाँग आयलंड डायोसिसकडे. मंडळ्या दोनशेच्या आसपास. त्यात वॉल स्ट्रीटवरची अब्जावधी डॉलरच्या मिळकतीची ट्रिनिटी आहे, आणि डोंगरातली, महिन्याच्या तेलाच्या बिलाने घाम फुटणारी मंडळीसुद्धा आहे.

या सगळ्यांची वर्षातून एकदा सभा भरते, ते कन्व्हेन्शन. आमचं नोव्हेंबरात असतं. डायोसिसचे धर्मगुरू त्यांच्या पदामुळे बसतात, आणि प्रत्येक मंडळीतून निवडून आलेले साधे सभासद त्यांच्या शेजारी. डॉक्टर, नर्स, निवृत्त पोस्टमन, शाळामास्तर, वकील. वकील जरा जास्तच. अध्यक्षस्थानी बिशप. त्यांच्या एका हाताला सेक्रेटरी, दुसऱ्या हाताला चान्सेलर, म्हणजे डायोसिसचे कायदा सल्लागार. हे गृहस्थ दिवसभर फारसं बोलत नाहीत, पण कुणी नियमाचा मुद्दा काढला की सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघतो.

कामं कोणती? डायोसिसचे नियम बदलणं, बजेट मंजूर करणं, नव्या मंडळ्यांना सामावून घेणं, स्टँडिंग कमिटीपासून (बिशपांची सल्लागार समिती) शिस्तपालन मंडळापर्यंत निवडणुका, ठराव. बिशपांचं भाषण होतं, प्रभुभोजनाची उपासना होते. बाहेरच्या व्हरांड्यात पेन्शन फंडवाले, सेमिनरीवाले, विणलेल्या शाली विकणाऱ्या बायका अशी छोटी जत्राच असते.

सभा चालते रॉबर्टच्या नियमांनी. हा हेन्री मार्टिन रॉबर्ट अमेरिकन लष्करातला इंजिनिअर. १८६३ मध्ये न्यू बेडफर्डला त्याला अचानक एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्ष केलं आणि सभा त्याच्या हाताबाहेर गेली. त्याचा वचपा म्हणून त्याने सभाशास्त्र लिहून काढलं, ते १८७६ ला छापून आलं. तेव्हापासून दुरुस्तीला उपदुरुस्ती सुचवणाऱ्या जमातीचा तो कुलगुरू आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते: पेपरात बातमी होते ती ठरावांची. डायोसिस चालते ती दुपारी तीनच्या बजेटवर, अर्धा हॉल पेंगत असताना.

---

नगरी_नाना

जय ख्रिस्त, ताई. छान लिहिलंत.

आमचे पणजोबा नगरला एसपीजी या इंग्लिश मिशनरी संस्थेच्या मंडळीतले, म्हणजे मूळचे अँग्लिकनच. सासुरवाडी अमेरिकन मराठी मिशनची. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं उपासनेच्या पद्धतीवरून वाजलं होतं म्हणे. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि भांडणाचं कारणच संपलं. निदान ते एक.

आमच्याकडेही डायोसिसन कौन्सिल असते, मीही बसलोय. एकच विचारतो. बिशपसाहेब समोर अध्यक्ष म्हणून बसलेले असताना तिथे उभं राहून विरोधात बोलता येतं का? कागदावर येतं हे मलाही ठाऊक आहे. प्रत्यक्षात?

---

हडसनकाठी

जय ख्रिस्त, नाना.

प्रत्यक्षात येतं. मायक्रोफोन दोन ठेवतात, एक बाजूने बोलणाऱ्यांचा आणि एक विरोधाचा. रांग लावायची, नाव आणि मंडळी सांगायची, दोन मिनिटं बोलायचं. वेळ संपली की घंटी. ती घंटी धर्मगुरूला आणि माझ्यासारखीला सारखीच वाजते. एका वयस्कर बाईंनी बिशपांच्याच एका योजनेवर "हे पैसे येणार कुठून ते सांगा, बाकी राहू द्या" असं सुनावलं. बिशपांनी चष्मा काढला, पुसला, खजिनदारांना उत्तर द्यायला सांगितलं. बस.

आता भीड नसतेच असं नाही. धर्मगुरूंची बदली-बढती बिशपांच्या ऑफिसमधून जाते, त्यामुळे तरुण पाळक जपून बोलतात. आम्हा साध्या सभासदांचं काय वाकडं होणार? म्हणून बोचरे प्रश्न बहुतेक आमच्या बाजूने येतात.

---

फटकळ_फणी

थोडक्यात, गृहनिर्माण सोसायटीची एजीएम, फक्त चेअरमनच्या डोक्यावर टोपी उंच. 😀

गंमत सोडा. बिशप कसा निवडतात ते लिहा ना. मला वाटायचं पोप नेमतो.

---

वसईची_केळी

फणीताई, पोप नेमतात ते आम्हा कॅथलिकांचे. आमच्या बिशपांची नेमणूक रोमहून होते. आमच्याकडेही डायोसिसन सिनॉड असतो, पण तिथे लोकांचं मत सल्ल्यापुरतं. कायदा करायचा अधिकार एकट्या बिशपांचा. आमच्या धर्मग्रामात फादर आर्थिक समितीला विचारतात, समिती सांगते, मग फादर ठरवतात. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. प्रत्येक गोष्ट मताला टाकली तर चर्च आणि ग्रामपंचायत यात फरक काय उरला?

इंग्लंडच्या चर्चमध्ये तरी लोक बिशप निवडतात का? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

---

हडसनकाठी

बरोबर, केळीताई. इंग्लंडमध्ये एक कमिशन नाव सुचवतं आणि नेमणूक राजाच्या नावाने होते. अमेरिकेत तसं नाही, आणि त्यामागे इतिहास आहे.

स्वातंत्र्ययुद्ध झालं आणि इथल्या अँग्लिकनांची पंचाईत झाली. बिशप एकही नाही, कारण वसाहतीच्या काळात सगळा कारभार लंडनच्या बिशपांकडे. कनेटिकटच्या धर्मगुरूंनी सॅम्युअल सीबरी यांना निवडून इंग्लंडला पाठवलं. तिकडे अभिषेकाला राजनिष्ठेची शपथ लागायची. सीबरी स्वतः युद्धात राजाच्या बाजूचे होते, पण राजापासून नुकत्याच मोकळ्या झालेल्या देशाचा बिशप ती कशी घेणार? शेवटी सीबरी स्कॉटलंडला गेले. तिथल्या, राजाला न मानणाऱ्या बिशपांनी १४ नोव्हेंबर १७८४ ला अॅबरडीनमध्ये त्यांना अभिषेक केला. पुढे इंग्लंडने कायदा बदलला आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट आणि न्यूयॉर्कचे सॅम्युअल प्रोव्हूस्ट यांचा अभिषेक लंडनला लॅम्बेथ पॅलेसमध्ये झाला.

खरी मेख पुढे आहे. व्हाइट यांचं म्हणणं, चर्चच्या सभेत साध्या सभासदांना मत हवंच. सीबरींना ते पटेना. धर्माच्या कामात दुकानदार-शेतकऱ्यांचं काय काम, असा त्यांचा सूर. १७८९ ला तोड निघाली: बिशपांचं सभागृह वेगळं, आणि दुसऱ्या सभागृहात धर्मगुरू व सभासद दोघंही. देशाची राज्यघटना १७८७ ला फिलाडेल्फियात तयार झाली, चर्चची दोन वर्षांनी त्याच शहरात. त्या काळाचं वारंच तसं होतं.

आता निवडणूक. एक समिती वर्षभर चाळणी लावून चार-पाच नावं काढते. उमेदवार डायोसिसभर फिरून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मग कन्व्हेन्शनमध्ये मतदान. धर्मगुरूंची मतं वेगळी मोजायची, सभासदांची वेगळी. एकाच फेरीत दोन्हीकडे बहुमत मिळालं तरच निवड. धर्मगुरूंना एक आवडतो आणि लोकांना दुसरी, असं वारंवार होतं. मग दुसरी फेरी, तिसरी, मधे प्रार्थना, कॉफी, कोपऱ्यात कुजबुज, कुणीतरी नाव मागे घेतं. आमचे आत्ताचे बिशप मॅथ्यू हाइड यांची निवड डिसेंबर २०२२ मध्ये अशीच झाली.

एवढ्यावरही संपत नाही. देशभरातल्या इतर डायोसिसच्या बिशपांची बहुसंख्येने संमती लागते, आणि त्या डायोसिसच्या स्टँडिंग कमिट्यांचीही. मुदत १२० दिवस. स्टँडिंग कमिटीत धर्मगुरू आणि साधे सभासद दोघंही असतात. म्हणजे अलास्कातला एखादा मासेमारही आमच्या बिशपांना नको म्हणू शकतो.

आणि बिशपांनाही बहात्तराव्या वर्षी खुर्ची सोडावीच लागते.

---

बॉस्टनवाला_पुणेकर

फेऱ्यांवरून आठवलं. आमच्या मॅसॅच्युसेट्स डायोसिसने सप्टेंबर १९८८ मध्ये बार्बरा हॅरिस यांना सहायक बिशप म्हणून निवडलं ते आठव्या फेरीत. जगभरच्या अँग्लिकन चर्चमधली पहिली स्त्री बिशप, आणि कृष्णवर्णीय. कॉलेजची पदवी नाही, धर्मगुरू होण्याआधी तेल कंपनीत जनसंपर्काची नोकरी. ११ फेब्रुवारी १९८९ ला अभिषेक झाला. वरून नेमणूक असती तर त्या काळात हे नाव कुणी पुढे केलं असतं का? मला शंका आहे.

थोडं अवांतर, पण पुणेकर म्हणून राहवत नाही. इथे केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी काउली फादर्सचा, म्हणजे एका अँग्लिकन संन्यासी संघाचा, मठ आहे. हेच काउली फादर्स पुण्यात पंचहौदला होते. १८९० मध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला आणि पुण्यात रणकंदन झालं, ते पंचहौद मिशन यांचंच. मठात पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा समोर आला आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. कुणाला काय आणि कसं समजावणार?

---

तिरकस_तात्या

छान. आता इथे चर्चचा प्रचारही सुरू झाला म्हणायचा. धर्मांतराचे पैसे कुठल्या बजेटमधून येतात तेही सांगा की धागाकर्तीबाई.

---

हडसनकाठी

तात्या, बजेट छापील असतं आणि कुणालाही वाचता येतं. त्यात जे असतं तेच सांगते, आपसूक उत्तर मिळेल.

जमेची मोठी बाजू म्हणजे मंडळ्यांनी भरायची वर्गणी. इथे तिला असेसमेंट म्हणतात. मंडळीच्या उत्पन्नावर सूत्राने ठरते, आणि आमच्या डायोसिसमध्ये ती ऐच्छिक नाही. झेपत नसेल तर सवलतीसाठी वेगळ्या समितीपुढे जायचं, हिशेब उघडे करून. डायोसिस स्वतः आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के देशपातळीवरच्या चर्चला देते. खर्चात बिशपांचं ऑफिस, गरीब मंडळ्यांना मदत, कॉलेजांतली कामं, स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळ्या, विमा, वकील.

आणि धर्मगुरूंचा पगार. किमान पगार किती असावा हा कन्व्हेन्शनचा विषय. त्यावर १८ टक्के पेन्शन फंडात मंडळीने भरायचे, शिवाय आरोग्यविमा. आमची मंडळी लहान. रेक्टरबाई अर्ध्यावेळच्या. विम्याचा हप्ता वाढला की व्हेस्ट्रीची बैठक अकरापर्यंत चालते: छपराच्या स्लेटी बदलायच्या की हप्ता भरायचा? आमचे खजिनदारकाका दरवर्षी तोच कागद पुढे सरकवतात, पेन्सिलने दोन आकडे गोल करून. एक छपराचा, एक विम्याचा. दोन्ही मावत नाहीत.

म्हणून म्हटलं, बजेट हाच कारभार. सभागृहात किमान पगारात तीन टक्के वाढ सुचवली की टाळ्या पडतात, आणि त्याच वेळी वीस छोट्या मंडळ्यांचे खजिनदार कॅल्क्युलेटर काढतात. मी वाढीच्या बाजूने मत दिलं. रेक्टरबाईंच्या मुलीची फी मला माहीत आहे. पण घरी येऊन व्हेस्ट्रीला तोंड द्यावं लागलं ते वेगळंच.

---

फटकळ_फणी

खजिनदारकाकांना आमचा दंडवत. हा माणूस प्रत्येक संस्थेत असतो आणि प्रत्येक संस्था त्याच्यावरच उभी असते.

व्हेस्ट्री म्हणजे?

---

हडसनकाठी

मंडळीची निवडून आलेली कार्यकारिणी. दोन वॉर्डन आणि बाकी सभासद. न्यूयॉर्क राज्यात धार्मिक संस्थांचा वेगळा कायदा आहे, त्यात एपिस्कोपल मंडळ्यांची व्हेस्ट्री कशी निवडायची तेही लिहिलंय.

---

वकिली_चष्मा

कायद्याचा विषय निघालाच आहे तर माझा डोस.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थेची जमीन विकायची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देऊळ असो की चर्च. न्यूयॉर्कात त्याच धर्तीवर कोर्टाची किंवा अॅटर्नी जनरलची मंजुरी लागते, आणि एपिस्कोपल मंडळीला त्याआधी बिशप आणि स्टँडिंग कमिटी या दोघांची संमती. म्हणजे ताईंच्या खजिनदारकाकांना उद्या मागचं आवार विकून छप्पर करावंसं वाटलं तरी तीन दारं ठोठवावी लागतील.

पण मिळकत मुळात कुणाची? मंडळीची, डायोसिसची, की देशातल्या चर्चची? १९७९ मध्ये एपिस्कोपल चर्चने नियम केला की मंडळीची मालमत्ता ही डायोसिस आणि संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. याला डेनिस कॅनन म्हणतात. मंडळीला सोडून जायचं तर जा, इमारत ठेवून जा.

मग अख्खी डायोसिसच निघाली तर? तेही झालं. न्यू हॅम्पशर डायोसिसच्या कन्व्हेन्शनने जून २००३ मध्ये जीन रॉबिन्सन यांना बिशप निवडलं. ते उघडपणे समलिंगी जोडीदारासोबत राहणारे. त्यावरून वाद भडकले. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन डायोसिसच्या कन्व्हेन्शनने चर्चमधून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. २००८ मध्ये पिट्सबर्ग, क्विन्सी आणि फोर्ट वर्थ. चारही ठिकाणी निर्णय कन्व्हेन्शनच्या मतदानाने. ज्या सभेचं हडसनताई कौतुक करताहेत, तीच सभा घर मोडूही शकते हे लक्षात ठेवा.

पुढे वर्षानुवर्षं कोर्टबाजी. कॅलिफोर्नियातल्या कोर्टांनी एपिस्कोपल चर्चच्या बाजूने कौल दिला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फोर्ट वर्थच्या बाबतीत बाहेर पडलेल्या गटाच्या बाजूने, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तोच नियम, दोन राज्यांत दोन निकाल. वकिलांची मात्र दोन्हीकडे दिवाळी.

---

नगरी_नाना

मिळकतीचं काढू नका चष्मेवाले, आमच्या जखमेवर मीठ पडतं. इकडे कौन्सिलमध्ये निम्मा वेळ "कुणी कुठली जमीन विकली" यातच जातो. शाळा, दवाखाने, बंगले मिशनऱ्यांनी बांधले, आपण तारखा मोजतो.

---

इतिहासखोर

हडसनकाठी, तुमचं "कारभार बजेटवर चालतो, ठराव नुसते गाजतात" हे काही मला पटलं नाही. तुमच्याच डायोसिसचा इतिहास तुमच्या विरोधात साक्ष देतो.

न्यूयॉर्कमध्ये सेंट फिलिप्स नावाची कृष्णवर्णीयांची मंडळी होती. स्वतःची इमारत, सगळं नियमात. पण कन्व्हेन्शनमध्ये जागा नाही! १८४० च्या दशकात त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो वर्षानुवर्षं टोलवला गेला. त्यांच्या बाजूने भांडणारा वकील जॉन जे, देशाच्या पहिल्या सरन्यायाधीशांचा नातू. त्याच डायोसिसचा सभासद. शेवटी १८५३ मध्ये सेंट फिलिप्सच्या प्रतिनिधींना बसायला जागा मिळाली.

हाच जॉन जे १८६० मध्ये गुलामगिरीचा निषेध करणारे चार ठराव घेऊन कन्व्हेन्शनमध्ये उभा राहिला. त्या वेळी बेकायदा गुलामव्यापाराची जहाजं न्यूयॉर्क बंदरातूनच सुटत होती. सभागृहात बसलेल्या बड्या धेंडांचे कापसाच्या व्यापारात हात गुंतलेले. ठराव बासनात गेले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच डायोसिसच्या कन्व्हेन्शनने ते चारही ठराव बासनातून बाहेर काढले आणि मंजूर केले. १५९ वर्षांनी! ठराव म्हणजे नुसती हवा असेल तर १८६० च्या व्यापाऱ्यांना त्याची एवढी धास्ती का वाटली असती?

---

हडसनकाठी

इतिहासखोर, हा प्रसंग मला माहीत आहे. २०१९ ला आमच्या मंडळीतून गेलेल्या प्रतिनिधीने परत येऊन सांगितला होता, तेव्हा रेक्टरबाई रडल्या होत्या.

पण त्याच कन्व्हेन्शनचा दुसरा अर्धा भाग सांगा ना. तत्कालीन बिशप अँड्र्यू डीट्शी यांनी गुलामगिरीच्या भरपाईसाठी डायोसिसच्या पैशातून अकरा लाख डॉलर बाजूला काढायची मागणी केली आणि सभेने ती मान्य केली. ठराव एकशे एकोणसाठ वर्षं झोपू शकतात. पैसे बाजूला काढले की दुसऱ्याच वर्षी "किती खर्च झाले, कुठे गेले?" असं विचारता येतं. पुढे मेरीलंड डायोसिसनेही सप्टेंबर २०२० मध्ये असाच दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. तिथेही चर्चा तापली ती पैशांवरच.

सेंट फिलिप्सच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी भांडण नाही. ठराव आणि बजेटच्याही आधी प्रश्न येतो की हॉलमध्ये खुर्ची कुणाला. बायकांचंच बघा. देशाच्या जनरल कन्व्हेन्शनमध्ये सभासद म्हणून बायकांना पहिल्यांदा बसू दिलं ते १९७० मध्ये, ह्यूस्टनला. सकाळच्या चहाची आणि वेदीवरच्या फुलांची सोय त्या दोनशे वर्षं करतच होत्या. धर्मगुरू व्हायला १९७६ उजाडलं.

---

इतिहासखोर

म्हणजे पैसा आणि खुर्ची. ठरावाला तुम्ही काहीच देणार नाही. 😀 असो, मी माझ्या जागी ठाम. जॉन जे उभा राहिला नसता तर २०१९ ला बाहेर काढायला बासनात काही नसतं.

---

मिलवॉकीचा_मामा

वाचतोय. आमच्याकडे वेगळीच कथा. विस्कॉन्सिनमध्ये १८४७ ला एकच डायोसिस होती. मग वस्ती वाढली तसे तिचे तीन तुकडे झाले: मिलवॉकी, फॉन्ड्युलॅक, ओ क्लेअर. आता उपासनेला माणसं कमी, पाळक कमी, तीन ऑफिसं पोसायची कशी? २०२४ मध्ये तिन्ही डायोसिस पुन्हा एक झाल्या. कन्व्हेन्शनमध्ये मतदान झालं, मग जनरल कन्व्हेन्शनची मंजुरी. आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "मी तरुणपणी तीन बिशपांचे फोटो लावायचे, आता भिंतीवर जागा झाली."

जनरल कन्व्हेन्शनबद्दल पण लिहा. तिथे कोण जातं?

---

हडसनकाठी

मामा, तेही डायोसिसच्या कन्व्हेन्शनमधूनच निवडून जातात. प्रत्येक डायोसिसमागे जास्तीत जास्त चार धर्मगुरू आणि चार सभासद, दर तीन वर्षांनी. २०२४ चं लुईव्हिलला झालं, तिथे शॉन रो पीठासीन बिशप, म्हणजे देशातल्या चर्चचे प्रमुख, म्हणून निवडून आले, पहिल्याच फेरीत. या आठ जागांसाठी आमच्याकडे चुरस असते. उमेदवारांची छोटी माहिती आधी छापून येते. प्रत्येक जण "मला ऐकून घ्यायला आवडतं" असं लिहितो. मग हॉलमध्ये तीच माणसं मायक्रोफोन सोडत नाहीत.

केळीताई, तुमचा ग्रामपंचायतीचा टोला राहून गेला होता. खरं सांगायचं तर मला ग्रामपंचायत वाईट वाटत नाही. फादरांनी समितीला विचारून ठरवलं की काम लवकर होतं, कबूल. पण चुकीचं ठरलं तर लोकांनी कुठे जायचं?

---

वसईची_केळी

लोकांनी देवाकडे जायचं आणि बिशपांकडे पत्र लिहायचं. आम्ही दोन्ही करतो. 😀 पण चष्मेवाल्यांनी लिहिलेल्या त्या चार डायोसिसचं वाचून मला माझी पद्धत आणखीच बरी वाटू लागलीय. बहुमताने घर मोडतं, तसं आमच्याकडे सहसा होत नाही.

---

तिरकस_तात्या

बजेटचं उत्तर मिळालं. बाकी शंका राखून ठेवतो. मंदिरांच्या ट्रस्टमध्येही भाविकांना असं मत असावं का, यावर कुणी धागा काढेल का?

---

वकिली_चष्मा

तात्या, काढा तुम्हीच. शिर्डी आणि पंढरपूरला स्वतंत्र कायदे आहेत, तिथे समिती सरकार नेमतं. मी येईन कलमं घेऊन.

---

नगरी_नाना

ताई, शेवटचं. गणसंख्या नसेल तर तुमच्याकडे काय करतात? आमच्याकडे जेवणानंतर निम्मी कौन्सिल गावाकडच्या एसटीला पळते आणि महत्त्वाचे विषय तेव्हाच येतात.

---

हडसनकाठी

नाना, इथेही दुपारी माणसं पांगतात, फक्त एसटीऐवजी हायवेवरची गर्दी टाळायला. कुणीही उठून "गणसंख्या मोजा" म्हणू शकतं, आणि कमी निघाली की पुढचं कामकाज थांबतं. हे हत्यार सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सेक्रेटरी दारापाशी माणसं उभी करतात, "थोडं थांबा, एकच मतदान उरलंय" असं विनवायला. आमच्या टेबलावरच्या एका काकांनी तर कोट चढवला होता. त्यांना मी डब्यातली चकली देऊन बसवलं. बजेट मंजूर होईपर्यंत तीन खाल्ल्या त्यांनी.